स्पॅनिश शिकताना बूट बाहेर काढून ठेवा

संध्याकाळच्या वर्गात 'पोदेर' (शकणे) शिकवायला घेतलं की कुणीतरी वहीत बूट काढतंच. सहा रूपांचा तक्ता, त्यातली चार बदलतात, त्यांच्याभोवती रेघ ओढली की बुटाचा आकार होतो. पाठ्यपुस्तकांची लाडकी युक्ती. मी ती खोडायला लावते.

त्याऐवजी रूपं मोठ्यानं म्हणा आणि जोर पडेल तिथे बाकावर थाप मारा. पुएदो, पुएदेस, पुएदे, पुएदेन: थाप धातूवर. पोदेमोस, पोदेइस: थाप सरकून प्रत्ययावर गेली आणि 'ओ' शाबूत राहिला. या क्रियापदांत धातूतल्या स्वरावर जोर आला की तो फुटतो, बस्स. 'ओ'चा 'उए', 'ए'चा 'इए' (पिएन्सो म्हणजे 'मी विचार करतो', पण पेन्सामोस). काही 'ईर'वाल्यांत, म्हणजे मूळ रूप 'ईर'नं संपतं त्यांत, 'ए'चा नुसता 'इ': पीदो (मी मागतो), पण पेदीमोस. 'उ'चा 'उए' करणारं रोजच्या बोलण्यातलं एकच, हुगार (खेळणे): हुएगो. 'फूल'चं 'फुलाला' करताना आपण तरी कुठे तक्ता आठवतो?

बूट फाटतो तो ब्युनोस आयरेसमध्ये. तिथे 'तू'ऐवजी 'वोस' म्हणतात आणि त्याचं रूप 'पोदेस', जोर शेवटी. बुटाच्या हिशेबानं चूक, थापेच्या हिशेबानं चोख. तसंच तू किएरेस (तुला हवंय), पण वोस केरेस.

कोणतं क्रियापद बदलणारं, हे मात्र चेहऱ्यावरून कळत नाही. 'कोमेर'चं (खाणे) सरळ 'कोमो' होतं. शब्दकोशात खूण असते, पण मी आधी ओळखीचं नाम शोधायला सांगते. 'अल्मुएर्सो' म्हणजे दुपारचं जेवण, आणि 'मी दुपारचं जेवतो' यालाही 'अल्मुएर्सो'च. 'हुएगो' (खेळ), 'कुएन्तो' (गोष्ट), 'सुएन्यो' (स्वप्न) यांचंही तेच. चार क्रियापदं फुकटात पाठ झाली.

साध्या भूतकाळात थाप कामाची नाही. तिथे जोर प्रत्ययावर असतो, तरी या बदलणाऱ्यांतली 'ईर'वाली बदलतात, तीही फक्त 'तो' आणि 'ते'च्या रूपांत: दुर्मियो, दुर्मिएरोन, पिदियो, पिदिएरोन. 'मी' झोपलो तर 'दोर्मी'च. 'आर' आणि 'एर'वाली बहुतेक गप्प राहतात: पेन्सो (त्यानं विचार केला), बोल्बियो (तो परतला). 'पोदेर'चं 'पुदो' होतं खरं, पण ते अनियमितांच्या यादीतलं. त्याला इथे कोंबू नका.