पोकेमॉन गो घेऊन चालायला निघताना

माझा भाचा १७ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. "चल, फिरून येऊ" म्हटलं की तो विचारतो: कुठे, किती लांब, परत कधी? पक्कं उत्तर मिळालं नाही तर त्याची घालमेल सुरू होते. पोकेमॉन गो हा फोनवरचा खेळ: खरोखर चालत फिरायचं आणि नकाशावर दिसणारे पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पकडायचे. त्यात ही उत्तरं आकड्यांत मिळतात, म्हणून तो त्याला मानवला. तुमच्या घरात कुणाला पोकेमॉन आवडत असतील तर करून बघा. आवड नसेल तर गळ्यात मारू नका.

आधी घरी बसून सेटिंग्ज बघा. संगीत, इतर आवाज आणि व्हायब्रेशन वेगवेगळे बंद करता येतात. काय ठेवायचं ते त्यालाच ठरवू द्या; भाच्याला व्हायब्रेशन लागतं, संगीत अजिबात चालत नाही. पोकेमॉन पकडताना कॅमेरा वापरणारं एआर बंद ठेवा. बॅटरी वाचते आणि आपण फोटो काढतोय असा कुणाचा गैरसमज होत नाही. ॲडव्हेंचर सिंक मात्र सुरू करा. मग खेळ बंद करून फोन खिशात टाकला तरी चाललेलं अंतर मोजलं जातं. मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच सोय, कारण आपल्या रस्त्यांवर मान खाली घालून चालणं धोक्याचं आहे. आमचा नियम एकच: चालताना फोन खिशात, पकडायचं असेल तर कडेला उभं राहून.

आता अंतर. खेळात एक पोकेमॉन 'बडी' म्हणून सोबत घेता येतो. प्रत्येक जातीचं अंतर ठरलेलं: कुणी दर १ किलोमीटरला कँडी (पोकेमॉनचं रूप बदलायला लागणारा खेळातला खाऊ) देतो, कुणी ३, कुणी ५, तर कुणी थेट २० किलोमीटरला. सुरुवातीला १ किलोमीटरवाला घ्या. भाच्याने मॅजिकार्प निवडला. हा मासा रूप बदलून ग्याराडोस नावाचा पोकेमॉन होतो, त्याला ४०० कँडी लागतात! दुसऱ्या कुणाला ते रटाळ वाटेल, पण मोजदाद करताना ज्याचं मन शांत होतं त्याच्यासाठी ही पर्वणीच. तो वहीत रकाने आखून नोंद ठेवतो. कँडी मिळाली की घराकडे वळायचं, हे निघतानाच ठरलेलं असतं. "आलोच आहोत तर अजून थोडं पुढे जाऊ" असं मी म्हणत नाही. तो म्हणाला तर जातो. परतीचा शब्द पाळला जातो हे कळल्यावरच तो दाराबाहेर निवांत पाऊल टाकू लागला.

जे बिनसू शकतं तेही आधी सांगून ठेवा. पोकेमॉन निसटून पळतो, नेट जातं, जीपीएस भरकटतं आणि खेळातलं अंतर खऱ्या अंतराशी जुळत नाही. आम्ही कागदावर लिहून ठेवलंय: खेळ अडकला तर दुधाच्या डेअरीपर्यंत जाऊन परत.

पोकेस्टॉप, म्हणजे नकाशावरची खेळातल्या वस्तू देणारी ठिकाणं, बरेचदा देवळं, पुतळे, बागा यांच्यापाशी असतात. वस्तू मिळवायला थोड्या अंतरावरूनही ते स्क्रीनवर बोटाने फिरवता येतात, आत शिरावं लागत नाही. तरी गर्दीच्या वेळा बघा. आमचा जवळचा स्टॉप दत्तमंदिराचा, म्हणून गुरुवारी संध्याकाळी आम्ही दुसऱ्या गल्लीने जातो.

खेळातली खरेदी पासवर्डने बंद करा. आणि "अभ्यास केलास तरच खेळ" असली अट घालू नका. मग फिरण्याचंही दडपण येतं. झोप उडाली असेल, घाबरणं वाढत असेल, तर डॉक्टरांना किंवा थेरपिस्टना भेटा, खेळावर भागवू नका.

रेडमध्ये, म्हणजे बलाढ्य पोकेमॉनशी होणाऱ्या लढाईत, घड्याळ उलटं धावतं; कम्युनिटी डेला, म्हणजे खेळातल्या खास कार्यक्रमाच्या दिवशी, खेळाडूंची गर्दी होऊ शकते. हे दोन्ही सुरुवातीला टाळा. भाच्याने हल्ली कम्युनिटी डेबद्दल विचारायला सुरुवात केली आहे. जायचं ठरलं की आधी मी एकटा बागेत जाऊन बघून येणार आहे: रिकामा बाक कुठे मिळेल आणि मागचं फाटक उघडं असतं का.