खिळा लगेच उपटू नका! बाइकच्या पंक्चरला हात घालण्याआधी

चाकात खिळा दिसला की हात आपोआप तो उपटायला जातो. थांबा. टायर ट्यूबलेस आहे की ट्यूबवाला, ते आधी बघा.

टायरच्या बाजूवर इंग्रजीत ‘ट्यूबलेस’ किंवा ‘ट्यूब टाइप’ असं उठावदार लिहिलेलं असतं, कधी नुसतं ‘टीएल’ किंवा ‘टीटी’. पण तेवढ्यावर विसंबू नका, रिमही बघा. तारांच्या बहुतेक चाकांत प्रत्येक तारेसाठी रिमला भोक असतं आणि तिथून हवा निसटते. त्यामुळे टायर ट्यूबलेस असला तरी आत ट्यूब घातलेली असू शकते.

ट्यूब असेल तर गाडी तिथेच उभी करा. बसलेल्या टायरवर चालवली तर ट्यूब आत चुरगळते आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटू शकतो. मग पॅच लावूनही उपयोग नाही, नवी ट्यूबच टाकावी लागते.

ट्यूबलेसमध्ये आतल्या हवाबंद थराचं रबर खिळ्याला घट्ट धरून ठेवतं, हवा हळूहळू जाते. म्हणून पंक्चर किट आणि पंप हाताशी येईपर्यंत खिळा आतच राहू द्या. हवा टिकून असेल तर सावकाश चालवत दुकानापर्यंतही जाता येतं.

स्वतः करणार असाल तर जागेवर खडूने खूण करा. पकडीने खिळा काढताना तो कोणत्या कोनात घुसलाय ते नीट पाहा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. त्याच कोनात रीमर, म्हणजे कानशीसारखी खरबरीत सळई, घालून चार-पाच वेळा आतबाहेर करा. जोर लागतो, पण भोक खरवडलं नाही तर त्यात भरायची रबरी पट्टी धरत नाही. ही चिकट पट्टी किटमधल्या सुईच्या नेढ्यात अर्ध्यावर ओवा, सोल्यूशन लावा आणि दोन्ही टोकं साधारण एक सेंटिमीटर बाहेर राहतील इतकी आत दाबा. सुई झटक्यात सरळ बाहेर ओढा. टोकं थोडी ठेवून कापा, हवा भरा, वर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले तर पुन्हा करा.

भोक टायरच्या बाजूच्या भिंतीत असेल तर पट्टी लावूच नका, टायर बदला. ती भिंत सतत वाकते, पट्टी कधीही निसटू शकते. मधल्या नक्षीतली पट्टीसुद्धा मी कामचलाऊच मानतो. टायर उतरवून आतून मशरूम पॅच, म्हणजे भोकात बसणारा दांडा आणि आतून चिकटणारी चकती असलेला छत्रीसारखा पॅच, लावून घ्या. तोवर वेग आवरा आणि रोज सकाळी, टायर थंड असताना, हवा मोजा.