एसएसचं (स्टेनलेस स्टीलचं) वेल्डिंग करताय? मग धूर तोंडावर घेऊ नका

रेलिंग, किचन ट्रॉल्या, डेअरीच्या टाक्या, हल्ली सगळीकडे एसएस चालतं, आणि ३०४ ग्रेडचं म्हटलं की त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम नि ८ टक्के निकेल. पत्र्यातलं क्रोमियम गप बसलेलं असतं हो, पण आर्कच्या उष्णतेत त्यातल्या थोड्याचं हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे त्याचं विषारी रूप, होतं आणि ते धुरातून छातीत जातं. पेशी त्याला सल्फेट समजून आत घेते, मग ते डीएनएला चिकटतं, आणि वर्षानुवर्षं हेच चाललं की फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. २०१७ साली आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, वेल्डिंगचा धूर पहिल्या गटात टाकला, म्हणजे कॅन्सर होतो याचा पुरावा पक्का.

आता करायचं काय? जमेल तिथे रॉडऐवजी टिग (टंगस्टनच्या टोकाने, गॅसच्या आडोशात होणारं वेल्डिंग) घ्या, धूर खूपच कमी होतो. फक्त लाल टोकाचा टंगस्टन नको, त्यात थोरियम असतं, ग्राइंडरवर टोक काढताना ती रेडिओअ‍ॅक्टिव्ह धूळ नाकात जाते, लँथनमवाला मागा.

जॉब जमिनीवर ठेवून ओणवं बसलात की डोकं बरोबर धुरात, म्हणून टेबलावर घ्या. पंखा पाठीमागून लावला तर धूर तोंडापाशीच घुटमळतो, बाजूने लावा, पण टिग किंवा मिग (तारेचं वेल्डिंग) असेल तर हळू, नाहीतर वेल्डला झाकणारा गॅस उडून वेल्डला भोकं पडतात. टाकीच्या आत काम असेल तर एक्झॉस्टचा पाइप वेल्डपासून वीतभरच लांब ठेवा, त्याशिवाय आत उतरूच नका.

रुमाल बांधून काही होत नाही, कण एक मायक्रॉनहून बारीक असतात. शिल्डखाली बसेल असा पी१०० (अगदी बारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरचा हाफ मास्क घ्या, आणि दाढी काढा, नाहीतर मास्क कडेने गळतो.

धुरावर उतारा म्हणून गूळ-दूध घेतात, त्याचं म्हणाल तर खुशाल खा-प्या, पण छातीतलं क्रोमियम त्याने निघत नाही. गॅल्व्हनाइजवर (जस्त चढवलेल्या लोखंडावर) काम केलं की रात्री थंडी-ताप येतो म्हणून सगळे त्यालाच घाबरतात, तो जस्ताचा ताप, एक-दोन दिवसांत उतरतो. एसएसच्या धुराने त्या दिवशी बहुतेकदा काही जाणवत नाही, तीच तर गोची आहे.

जेवायच्या, बिडी पेटवायच्या आधी साबणाने हात धुवा (बिडी सोडलीत तर उत्तमच), कामाचे कपडे घरच्या कपड्यांत टाकू नका. खोकला लांबला किंवा थुंकीत रक्त दिसलं तर लगेच डॉक्टर गाठा आणि किती वर्षं एसएस करताय ते स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.