यलोस्टोनचं ग्रँड प्रिझमॅटिक आरव्हीने बघायचं असेल तर संध्याकाळी जा

ग्रँड प्रिझमॅटिक म्हणजे यलोस्टोन नॅशनल पार्कमधला गरम पाण्याचा मोठा रंगीत झरा. तो जिथे आहे त्या मिडवे गायझर बेसिनचं पार्किंग सकाळी दहानंतर फुल्ल असतं आणि मोठी आरव्ही (आत राहायची सोय असलेली गाडी) घेऊन तिथे घिरट्या घालणं म्हणजे नुसती डोकेदुखी. आणि अगदी भल्या सकाळी गेलं तर थंडीत इतकी वाफ असते की निळा-केशरी रंग काही दिसतच नाही.

त्यापेक्षा असं करा:

१. मुक्काम मॅडिसन कॅम्पग्राउंडला ठेवा, तिथून ओल्ड फेथफुल (गरम पाण्याचं प्रसिद्ध कारंजं) १६ मैल आणि ग्रँड प्रिझमॅटिक वाटेतच लागतं.

२. तिथे हुकअप (गाडीला वीज-पाण्याची जोडणी) नाहीत आणि जनरेटर रात्री आठला बंद करावा लागतो, त्यामुळे बॅटऱ्या, फोन सगळं दुपारीच चार्ज करून घ्या, जमल्यास भात-आमटी पण उरकून टाका, म्हणजे उशिरा आलात तरी फक्त गरम करायचं.

३. पाचनंतर निघा आणि मिडवेला न थांबता पुढे फेअरी फॉल्सच्या पार्किंगला जा. तिथून साधारण एक किलोमीटर चाललं, शेवटी थोडा चढ, की वरून अख्खा झरा दिसतो. जून-जुलैत नऊपर्यंत उजेड असतो, घाई नाही. (ही वाट अस्वलांमुळे मे अखेरपर्यंत बंद असते.)

४. परतताना मिडवेचा बोर्डवॉक (झऱ्याजवळून जाणारी लाकडी पायवाट) करा, तोवर गर्दी बरीच ओसरलेली असते.

बोर्डवॉकवर वारा जोरात असतो, टोपी उडाली तर विसरा तिला. खाली उतरायचं नाही म्हणजे नाही, जमिनीचा वरचा थर पातळ असतो आणि खाली उकळतं पाणी.