‘विंशतिका’ वाचताना आधी आक्षेप वाचावेत

बौद्ध तत्त्वज्ञानाकडे वळलो तेव्हा ‘बौद्धांच्या मते जग हा भास आहे’ हे एकच वाक्य माझ्या गाठीशी होते, आणि ते मनातून पुसायला पुष्कळ दिवस लागले. बाह्य वस्तूविषयी बौद्ध पंथांतच मतभेद आहेत. ती प्रत्यक्ष कळते असे वैभाषिक मानतात. सौत्रान्तिकांना ती मान्य आहे, परंतु ज्ञानात उमटलेल्या आकारावरून तिचे केवळ अनुमान होते असे ते म्हणतात. तिचे अस्तित्वच नाकारतात ते योगाचार. ही विभागणी वेदान्ती माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात, म्हणजे निरनिराळ्या दर्शनांचा आढावा घेणाऱ्या ग्रंथात, सापडते, आणि वासुदेवशास्त्री अभ्यंकरांची पुण्याची आवृत्ती (१९२४) आजही हाताशी असावी. मात्र ही मांडणी प्रतिपक्षाने केलेली आहे, याचे भान ठेवावे.

त्यानंतर थेट योगाचार पंथाचे आचार्य वसुबंधूंची विंशतिका घ्यावी. कारिका (सिद्धान्त मांडणारे श्लोक) विसाच्या आसपास, त्यांवर वसुबंधूंचीच वृत्ती, म्हणजे टीका. नेपाळात मिळालेल्या पोथीवरून सिल्व्हाँ लेवी यांनी हा संस्कृत पाठ १९२५ मध्ये छापला. बाहेर वस्तू नसेल, तर ती ठरावीक ठिकाणी आणि ठरावीक वेळीच का दिसते, तेथे असलेल्या सर्वांनाच का दिसते, आणि स्वप्नातल्या अन्नाने भूक का भागत नाही, हे प्रतिपक्षाचे आक्षेप मी पहिल्या वाचनात भराभर ओलांडले, त्यामुळे उत्तरे हाती आली पण ती कशाची, हेच कळेना. स्वप्नातही बाग एका जागीच दिसते, आणि समान कर्मविपाक (कर्मफळ) असलेल्या सर्व प्रेतांना नदी पुवाचीच दिसते, या उत्तरांचा नेमका रोख आक्षेपांशिवाय उमगत नाही. दुसऱ्यांचे चित्तसंतान (मनाचा प्रवाह) वसुबंधू नाकारत नाहीत, हेही येथेच स्पष्ट होते.

परमाणूंच्या भागापाशी मात्र घाई करू नये. तो कागदावर आकृती काढूनच मला समजला. एका परमाणूला सहा दिशांनी सहा परमाणू एकाच वेळी चिकटले, तर मधल्याला सहा अंश मानावे लागतात, मग तो निरवयव उरत नाही. अंश नाहीत म्हणावे, तर सातही एकाच जागी मावतात आणि त्यांचा पिंड परमाणूएवढाच राहतो. बाह्यार्थाला, म्हणजे बाह्य वस्तू मानण्याला, खरा धक्का स्वप्नाच्या दृष्टान्ताने नव्हे, या युक्तिवादाने बसतो, असे माझे मत आहे.

याच्या जोडीला ‘नाभाव उपलब्धेः’ या ब्रह्मसूत्रावरचे शांकरभाष्य वाचावे: वस्तू ‘बाहेर असल्यासारखी’ दिसते असे म्हणणाऱ्या योगाचाराने ‘बाहेर’ आधीच मान्य केले, हा आचार्यांचा मुद्दा सहज बाजूला सारता येत नाही. सध्या मी बौद्ध तार्किक धर्मकीर्तींच्या सहोपलम्भनियमापाशी (दोन गोष्टी नेहमी बरोबरच मिळण्याच्या नियमापाशी) थांबलो आहे. निळा रंग आणि निळ्याचे ज्ञान कधीच वेगवेगळे मिळत नाहीत, म्हणून ते अभिन्न, असे ते सांगतात. पण नेहमी बरोबर मिळणे म्हणजे एकच असणे का, हे माझ्यापुरते अजून सुटलेले नाही.