हजार ओळींना फॉर्म्युला लावायचा तर माऊस ओढत बसू नका

निपाणी, चिकोडी, खानापूर भागात डेअरीचा नाहीतर उसाचा हिशोब आता बरेच जण एक्सेलमधेच ठेवतात, पण पहिल्या ओळीत फॉर्म्युला घातला की तो खाली शेवटपर्यंत ओढत नेतात आणि मधेच बोट सुटलं की परत पहिल्यापासून. तसं करू नका की. समजा बी कॉलममधे लिटर आहे, सी मधे दर, तर डी२ मधे बरोबरचं चिन्ह देऊन बी२ गुणिले सी२ लिहा, म्हणजे =B2*C2, एंटर मारा, परत डी२ वर या आणि त्या चौकोनाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात जो बारका ठिपका दिसतो त्यावर डबल क्लिक करा, बाजूचा डेटा जिथवर आहे तिथवर फॉर्म्युला आपोआप उतरतो. मधे पूर्ण ओळ रिकामी असेल तर मात्र तिथंच थांबतो, म्हणून शेवटची ओळ एकदा बघूनच घ्या, लोकांच्या पैशाचा हिशोब आहे.

दर सगळ्यांना एकच असेल आणि तो एफ१ या चौकोनात लिहिला असेल तर फॉर्म्युल्यात एफ१ वर असताना कीबोर्डवरचं एफ४ बटण दाबा, डॉलरची चिन्हं येतात आणि एफ१ जागचा हलत नाही. नाहीतर खाली जाताना एफ२, एफ३ होत जातं, ते चौकोन रिकामे असले की रक्कम शून्य येते.

रोज नवीन नोंदी वाढत असतील तर मला विचाराल तर कंट्रोल टी दाबून टेबलच करून टाका, खाली नवी ओळ टाकली की फॉर्म्युला स्वतःहून येतो.