कॅमेरा बदलण्याआधी या चुका टाळा: कासची फुलं, लग्नाचे हॉल आणि भलतीकडे गेलेले पैसे

गणपतीच्या सुमारास कास पठार फुलायला लागतं आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते. सातारा-सांगलीकडच्या नवशिक्यांची कॅमेरा खरेदी या दोन हंगामांच्या तोंडावरच होते, आणि चुकाही ठरलेल्याच असतात. फोटो मनासारखा आला नाही की दोष बॉडीला, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याला. कुणीतरी सांगतं, ‘फुल फ्रेम घे’, म्हणजे मोठ्या सेन्सरचा (चित्र टिपणाऱ्या पट्टीचा) कॅमेरा, आणि दोन वर्षं साठवलेले पैसे एका दुपारी संपतात. हातातला लहान सेन्सरचा कॅननचा १५००डी किंवा निकॉनचा डी३५०० काय काय करू शकतो, हे तपासलेलंच नसतं. वाईट याचं वाटतं, की ज्यांच्याकडे पैसा मोजका आहे तेच यात जास्त अडकतात.

फसलेले फोटो न वाचताच दुकान गाठणं

आधी घरी बसा. आपले वीस फसलेले फोटो काढा आणि प्रत्येकाचा शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहिलं), अॅपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा लहान तर भोक मोठं), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) आणि फोकल लेंग्थ (झूम किती, ते मिमीत) वहीत लिहा. खेळणारं पोर १/३० सेकंदावर टिपलंय, तर ते कुठल्याही कॅमेऱ्यात हललेलंच येणार. तिथे किमान १/२५० लागतो. नवरदेवाऐवजी मागची भिंत स्पष्ट आलीय, तर फोकसचे सगळे पॉइंट कॅमेऱ्यावर सोडलेत; मधला एकच पॉइंट ठेवा. व्ह्यूफाइंडरमध्ये सगळंच धूसर दिसतं अशी तक्रार असेल, तर डोळ्याच्या काचेशेजारचं छोटं चाक फिरवून आतले आकडे स्पष्ट करून घ्या. या तिन्हीला रुपयाही लागत नाही.

वहीत पुन्हा पुन्हा ‘५५ मिमी, एफ/५.६, आयएसओ ६४००’ असंच येत असेल, तर अडचण उजेडाची आहे आणि उपाय लेन्समध्ये आहे. पुन्हा पुन्हा झूमचं शेवटचं टोकच येत असेल, तर लांबची लेन्स हवी. ही वही भरण्याइतका धीर नसेल तर खरेदी पुढे ढकला.

कासच्या फुलांसाठी ५० मिमी लेन्स

ही चूक दर हंगामात होते. साताऱ्यातल्या एका मुलाचं उदाहरण घ्या. त्याच्याकडे १५००डी आणि सोबत आलेली १८-५५ लेन्स होती. सीतेची आसवं ही रानफुलं फोटोत फार बारीक दिसतात म्हणून त्याने ५० मिमी एफ/१.८ एसटीएम घेतली. ‘प्राइम (झूम नसलेली) लेन्स शार्प असते’ एवढंच ऐकलेलं. पठारावर फुलाजवळ वाकला तर फोकस लागेना. मागे सरकल्यावर लागला, पण फूल आधीपेक्षाही लहान. लेन्स बिघडलेली आहे असं समजून तो ती परत करायला निघाला होता. लेन्स ठणठणीत होती.

झालं काय, तर ती ५० मिमी सेन्सरपासून ३५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही, आणि तेवढ्या अंतरावर वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराच्या ०.२१ पट उमटते. सोबत आलेली किट लेन्स २५ सेंटिमीटरपर्यंत जाते आणि ०.३४ पट देते. सीतेच्या आसवांचं फूल सेंटिमीटरभराचं. ५० मिमीने ते चौकटीच्या रुंदीचा दहावा भाग व्यापतं; आधीच घरात असलेल्या लेन्सने सहावा. शिवाय इतक्या जवळून एफ/१.८ ठेवलं तर जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. पाकळी आली तर देठ गेला.

म्हणून आधी किट लेन्स ५५ मिमीवर न्या, मॅन्युअल फोकसवर टाका, रिंग सगळ्यात जवळच्या टोकाला फिरवा आणि रिंगला हात न लावता स्वतःच बोटभर पुढे-मागे व्हा. एफ/८, शटर किमान १/२५०, कारण पठारावर वारा थांबतच नाही. ढगाळ उजेडात आयएसओ ८०० वर गेला तरी बिघडत नाही.

एवढ्याने भागलं नाही, तर खर्च ५५-२५० आयएस एसटीएमवर करा. जुनी चांगल्या अवस्थेतली मिळते, ८५ सेंटिमीटरवरून ०.२९ पट देते, म्हणजे पायवाटेवर उभं राहून काम होतं. तिच्यापुढे +२ ताकदीचं दोन भिंगांचं क्लोज-अप फिल्टर लावलं तर २५० मिमीवर, फुलापासून अर्ध्या मीटरवरून, सुमारे निम्मा आकार मिळतो. ५८ मिमी व्यासाचं हेच फिल्टर किट लेन्सलाही बसतं. एकाच भिंगाची स्वस्त क्लोज-अप फिल्टरं घेऊ नका, फुलाच्या कडांना जांभळी-हिरवी झालर येते.

५० मिमी घेऊन झालीच असेल तर ती विकू नका. २० मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि बॉडीच्या मधली पोकळ नळी) घाला, ०.२१ मध्ये आणखी ०.४ ची भर पडते. पण ट्यूब आतून विजेचे संपर्क असलेलीच घ्या. बिनसंपर्काच्या ट्यूबवर या लेन्सचं अॅपर्चर उघडंच राहतं आणि फोकसची रिंगही चालत नाही, कारण ती विजेवर फिरते. ट्यूब लावल्यावर फूल लेन्सच्या अगदी पुढ्यात लागतं, त्यामुळे वाटेच्या कडेचीच फुलं घ्यायची. हे पठार २०१२ पासून पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत आहे. एका फोटोसाठी गेंदांच्या ताटव्यात बसणं हा गुन्हाच मानावा. एका बसण्यात कितीतरी रोपं मोडतात.

लेन्स न मोजता फुल फ्रेम

दुसरी चूक याहून महाग पडते. सांगलीकडे लग्नाची कामं नुकती घ्यायला लागलेल्या एकाने १५००डी विकून जुनी कॅनन ६डी आणली. १८-५५ आणि ५५-२५० जपून ठेवल्या होत्या. रात्री बसवायला गेला तर एकही लेन्स बसेना. दोन्ही ईएफ-एस जातीच्या, लहान सेन्सरसाठी केलेल्या. त्यांचा मागचा भाग आत जास्त येतो आणि ६डीचा मोठा आरसा त्यावर आपटला असता, म्हणून माउंटच (लेन्स बसवायची कडी) त्यांना घेत नाही. पांढरा चौकोन असलेली लेन्स पांढऱ्या चौकोनाच्या बॉडीवर. ६डीवर फक्त लाल ठिपका असतो. पुढच्या आठवड्यात लग्न होतं आणि हातात नुसती बॉडी. शेवटी लेन्स भाड्याने आणून काम काढावं लागलं.

निकॉनमध्ये डीएक्स, म्हणजे लहान सेन्सरसाठीची, लेन्स फुल फ्रेमवर बसते, पण चित्र मधूनच कापलं जातं. २४ मेगापिक्सेलचे सुमारे १० उरतात.

आता उजेडाचा हिशेब करा. कॅननच्या लहान सेन्सरवरून फुल फ्रेमवर गेलात तर प्रकाश गोळा करायला सुमारे अडीच पट जागा मिळते. त्याच जुन्या बॉडीवर एफ/५.६ ऐवजी एफ/१.८ ची लेन्स लावली तर सुमारे साडेनऊ पट प्रकाश आत येतो. आयएसओ ६४०० चं काम ८०० च्या आत होतं, आणि लेन्स बॉडीच्या कितीतरी कमी पैशात येते. पूर्ण उघडी न ठेवता एफ/२.२ वर वापरा, दोन माणसांच्या डोळ्यांत फोकस पुरतो.

हॉलमध्ये एलईडी दिव्यांमुळे फोटोत आडवे पट्टे येतात. तोही कॅमेऱ्याचा दोष नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, बहुतेक वेळा पट्टे जातात. आणि फ्लॅश वर फिरवून मारायचा असेल तर आधी वर बघा. केशरी कापडाच्या मांडवात उसळलेला उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यावर केशरीच उतरतो; वाड्याच्या लाकडी माळवदाखाली तपकिरी. तिथे बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर मारा, नाहीतर पांढरी छत्री लावा.

घरातल्या कार्यक्रमाला ५० मिमी

लहान सेन्सरवर ५० मिमीने उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत घ्यायला साडेचार मीटर मागे जावं लागतं. दहा बाय दहाच्या खोलीत बारशाला कुठे जाणार? घेण्याआधी किट लेन्स ५० वर ठेवून रिंगला कागदी चिकटपट्टी लावा आणि आठवडाभर तेवढ्यावरच काढा. गुदमरायला झालं तर निकॉनवाल्यांनी ३५ मिमी एफ/१.८जी डीएक्स आणि कॅननवाल्यांनी २४ मिमी एफ/२.८ बघावी. निकॉनची स्वस्तातली ५० मिमी एफ/१.८डी मात्र डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीवर आपोआप फोकस करत नाही, कारण या बॉडींत मोटर नाही. नावाच्या शेवटी ‘जी’ आणि सुरुवातीला ‘एएफ-एस’ आहे हे वाचूनच पैसे द्या.

जुना माल संध्याकाळी, घाईत बघणं

कृष्णाकाठी २००५, २०१९ आणि २०२१ ला पूर आला, आणि महाबळेश्वर-साताऱ्याची पावसाळी दमट हवा दरवर्षीच असते. म्हणून इथे जुनं घेताना दिवसाउजेडीच बघायचं. बॅटरीचा कप्पा, ट्रायपॉडचं भोक, फ्लॅशच्या पट्ट्या आणि पट्ट्याच्या कड्या तपासा. गंज, हिरवट थर किंवा वाळलेला गाळ दिसला तर किंमत कितीही कमी सांगोत, उठा. लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा; काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. धुळीचे चार कण चालतात, बुरशी नाही.

मग एफ/१६ वर आभाळाचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघा. झाकण लावून तीस सेकंदांचा फोटो काढला की कायम पेटलेले ‘हॉट’ पिक्सेल दिसतात. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून, कॅमेरा सरळ समोर धरून चारही कोपरे तपासा. एकच कोपरा धूसर असेल तर ती लेन्स पडलेली समजा. निकॉनचा शटर काउंट (शटर आजवर किती वेळा उघडलं) फोटोच्या माहितीतच मिळतो. कॅननच्या बहुतेक बॉडींना वायर जोडून सॉफ्टवेअरने काढावा लागतो, तेव्हा लॅपटॉप सोबत न्या. विकणारा घाई करत असेल तर आपण करायची नाही.

थोडक्यात उरलेलं

मेगापिक्सेलच्या मागे लागू नका. १२ बाय १८ इंचाच्या छापील फोटोला १९-२० पुरतात. कॅननचा ईएफ-एम माउंट (आरसा नसलेल्या एम मालिकेच्या कॅमेऱ्यांचा) बंद झालाय, स्वस्त दिसला तरी त्यात नव्याने शिरू नका. भारतातल्या वॉरंटीचं आणि जीएसटीचं बिल नसेल तर तो माल स्वस्त नाही. मेमरी कार्डावर व्ही३० ही वेगाची खूण असावी, आणि नवं कार्ड आणलं की काठोकाठ भरून, फायली परत उघडून बघा. नकली कार्ड अर्ध्यावरच फोटो गिळतं. फुगलेली बॅटरी कॅमेऱ्यात कोंबू नका, ती आतच अडकते.

तीस हजारांचं बजेट असेल तर तीन हजार आधीच बाजूला काढा: दुसरी बॅटरी, कार्ड, आणि झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा. डब्यात छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेल ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की मंद आचेवर तव्यावर परतायचं, निळं झालं की गार करून परत डब्यात.